एकशे बावन्न दिवस

"उतरायचा दिवस कुणाचा धरतात? इथला का तिथला?" दादानं विचारलं.

"तिथला," मी म्हणाले. "विमान रात्री बाराला दहा मिनिटं कमी असताना टेकलं, तरी तो अख्खा दिवस तिथला."

"आणि निघालीस तो?"

"तोही तिथलाच. दिवसाचा तुकडा असला तरी पूर्ण दिवस धरतात."

दादानं खिळ्यावरचं कॅलेंडर काढून स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरलं होतं. कानामागची पेन्सिल काढून त्यानं तीन फेब्रुवारीवर केलेली खूण खोडली आणि चार तारखेपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. तो बोटानं चौकोन टिपत ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होता. दुकानात नटबोल्ट मोजतो तसाच. वहिनी भाकऱ्या थापत होती. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. आई अंथरुणाला खिळली तरी घरानं तेवढं मोडलं नव्हतं. खिडकीत अजून उजेड होता.

"एकशे सत्तेचाळीस," दादा म्हणाला.

"हो. आज एकशे सत्तेचाळीस."

"पण तू मागं म्हणाली होतीस सहा महिने चालतंय. सहा महिने म्हणजे ऑगस्ट उजाडतो की."

मग मी त्याला पुन्हा समजावून सांगितलं. मुदत एकशे चौऱ्याऐंशी दिवसांची. पण त्या मुदतीत मधे जाऊन एकतीस दिवसांपर्यंत राहिलं, तर ते राहणं जमेला धरत नाहीत. पाहुण्यासारखी येऊन गेली असं समजतात आणि ते दिवसही बाहेरचेच मोजतात. म्हणजे कमीत कमी बत्तीस दिवस तिथं असायला हवं. एकशे चौऱ्याऐंशीतून बत्तीस गेले की उरतात एकशे बावन्न. त्याच्या पुढे एक दिवस जरी इथं राहिले, तर मी न्यूझीलंड सोडून गेले असं तिथलं सरकार धरणार आणि शिक्षणाच्या कर्जावर पहिल्या दिवसापासून व्याज लावणार.

दादानं वजाबाकी दोनदा केली. आकडा तोच आला.

"म्हणजे पाच जुलैपर्यंत बाहेर. सहाला तिथं पाय लागला पाहिजे."

"हो."

"शुक्रवारी निघावं लागणार."

"शुक्रवारी सकाळी."

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि आमच्याकडे न बघता विचारलं, "त्रिशलाताई, आवटी डॉक्टरांचा कागद दिला तर चालत नाही का हो? आई अशी आहे म्हणून? इथं कोर्टातसुद्धा डॉक्टरांचा कागद चालतो."

"नाही वहिनी," मी म्हणाले. "तिकडं तसलं काही चालत नाही."

ही दोन हजार चौदा सालची गोष्ट. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते आणि न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन नावाच्या गावात लहान मुलांच्या शाळेत शिकवत होते. लग्न होऊन तिकडे गेले होते. लग्न सहा वर्षं टिकलं. ते मोडल्यावर कुरुंदवाडला परत यायचं नाही एवढं मी ठरवलं, आणि परत यायचं नाही तर काहीतरी शिकायला हवं होतं. कायमचं राहायचा परवाना होता, म्हणून सरकारी कर्ज मिळालं. तीन वर्षं शिकले, नोकरी लागली. कर्ज दर पगारातून थोडंथोडं कापून जायचं. देशात राहणाऱ्याला व्याज नाही, एवढी त्या कर्जाची मेहेरबानी होती. बाहेर गेलं की ती संपायची. बरोबर शिकलेली सगळीजण सुट्टीला जाताना दिवस मोजून तिकिटं काढत. मीही काढत असे. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

तीस जानेवारीला दादाचा फोन आला की आईला अर्धांगाचा झटका आलाय. मी तीन फेब्रुवारीला निघाले. तीन आठवडे राहीन, असं धरून आले होते.

आईची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. एकच शब्द तेवढा उरला होता, "बस". पाणी हवं असलं तरी "बस", कूस बदलायची असली तरी "बस", मला बघून डोळ्यांत पाणी आलं तरी "बस". सुरुवातीला आम्ही त्या एका शब्दाच्या नाना तऱ्हा ओळखायला शिकलो. मार्चमध्ये ती उशीला टेकून बसायला लागली. एप्रिलमध्ये डाव्या हातानं चमचा धरला. दादानं त्या दिवशी पेढे आणले. मी तिकीट पुढे ढकललं, मग आणखी पुढे ढकललं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरा झटका आला. त्यानंतर ती उठली नाही. नाकातून नळी घातली. दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजनं पातळ पेज, दूध, गाळलेली डाळ सोडायची. दिवसातून सहा वेळा कूस बदलायची. अंग पुसायचं, घशात साठलेला कफ यंत्रानं ओढायचा, लंगोट बदलायचा. पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावायची. दादा दिवसभर दुकानात असे. पंप आणि मोटारींचं दुकान, उन्हाळ्यात मान वर करायला फुरसत नसायची. वहिनीकडे घर, दोन मुलं, सोवळंओवळं. आईचं सगळं मी करत होते. कुणी लादलं नव्हतं. मुलगी आहे, आलीय, करतेय, असं आपोआप झालं.

गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. "लेक असावी तर अशी," म्हणायच्या. "परदेशातनं येऊन गू-मूत काढतीय." मी त्यांना चहा द्यायचे.

कॅलेंडर मोजलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आवटी डॉक्टर येऊन गेले. कुरुंदवाडात त्यांच्याकडे तीन पिढ्या दुखणं दाखवत आल्या होत्या. आईची नाडी धरून ते बराच वेळ बसले. मग बाहेर येऊन पायात चप्पल घालता घालता म्हणाले, "भरतेश, आता औषध बदलण्यासारखं काही नाही. आठ दिवस म्हणा, महिना म्हणा. जास्त ओढाताण करू नका."

ते गेल्यावर दादा सोप्यात झोपाळ्यावर बसला. मला समोर बसवलं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"थांब की मग. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आठ म्हणाले आणि महिनाही म्हणाले, दादा."

"महिना तर महिना. व्याज किती लागंल? मी भरतो. दुकान चांगलं चाललंय. तुला कमी-जास्त काही बोलणार नाही."

"व्याजाचा प्रश्न नाही."

"मग कशाचा?"

"एकदा नोंद बदलली की बदलली. मग हप्त्याचं सगळं वेगळं होतं. एखादा चुकला तर विमानतळावर अडवतात माणसाला. पोलीस येतात." मी हे एका दमात बोलले. "तुला तिकडचं माहीत नाही. तिकडं रदबदली चालत नाही."

दादाचं शिक्षण बारावीपर्यंत झालेलं. सरकारी कागदाला तो घाबरून असे. वीज मंडळाची साधी नोटीस आली तरी जेवण सोडून वाचायचा. 'पोलीस' म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"असं आहे होय," तो म्हणाला. थोडा वेळ झोपाळा नुसता हलत राहिला. "मग जायलाच पाहिजे. तुझं तिथलं बसलेलं बस्तान मोडून कसं चालंल." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आईला कळलं असतं तर तीच म्हणाली असती, जा म्हणून."

मी उठले. आईची कूस बदलायची वेळ झाली होती.

बुधवार, गुरुवार मी वहिनीला सगळं शिकवलं. सिरिंज किती वर धरायची, पेज किती पातळ हवी, नळी जागेवर आहे हे कसं बघायचं, यंत्राची बाटली कशी धुवायची. वहिनीनं एका वहीत लिहून घेतलं. ती हुशार होती. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागलं नाही. मी शिकवत होते आणि ती मान डोलवत होती. गुरुवारी दुपारी माझी बॅग भरून झाली. बॅग भरताना मला दुःख झालं नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. कपड्यांच्या घड्या नीट बसतात का, एवढंच बघत होते.

शुक्रवारी सकाळी सात वाजता गाडी आली. मुंबईपर्यंत नऊ तासांचा रस्ता. दादा सोडायला येणार होता, मीच नको म्हणाले. आईजवळ घरातलं माणूस असू दे, म्हणाले.

आईच्या खोलीत गेले. ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. आठ-दहा दिवस तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मी वाकून तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "आई, मी जाऊन येते."

तिची नजर सावकाश माझ्यावर आली. आली असं मला वाटलं.

"बस," ती म्हणाली.

दादा दारात उभा होता. "बघ, बस म्हणतीय," तो म्हणाला. "दोन मिनिटं बस तिच्याजवळ. गाडी थांबंल."

मी खाटेच्या कडेला बसले. तिचा डावा हात हातात घेतला. तो गरम होता आणि जड होता. ती मला बस म्हणत होती, की पुरे म्हणत होती, की तो तिचा नेहमीचा शब्द नुसता बाहेर पडला होता, हे मी ठरवलं नाही. दोन मिनिटं झाली. मी उठले. दारात वहिनी होती. तिनं दहीसाखर हातावर ठेवली. मी ती खाल्ली आणि गाडीत बसले.

रविवारी, सहा जुलैला, भर दुपारी मी ऑकलंडला उतरले. तिकडे हिवाळा होता. पासपोर्ट तपासणाऱ्या माणसानं विचारलं, "किती दिवस बाहेर होतात?"

"एकशे बावन्न."

तो हसला. "लोक पाच महिने म्हणतात," म्हणाला आणि शिक्का मारला.

बसनं हॅमिल्टनला गेले. खोलीत पाच महिन्यांची शिळी हवा कोंडली होती. खिडक्या उघडल्या. सोमवारी कामावर गेले. आमची मुख्य शिक्षिका हेलन मला बघून चकित झाली. "तुझी आई कशी आहे?" तिनं विचारलं. "आहे तशीच आहे," मी म्हणाले. मुलांनी माझ्या भोवती कोंडाळं केलं. एका मुलीनं विचारलं, तू कुठं हरवली होतीस. मी सांगितलं, लांब गेले होते.

बुधवारी दुपारी पावणेतीनला फोन वाजला. मुलं घरी जायची वेळ. एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत मी खाली वाकले होते. दादाचं नाव बघून बांधणं पुरं केलं आणि मग फोन उचलला.

"आई गेली," दादा म्हणाला. "आत्ता, अर्धा तास झाला. शांत गेली."

"जवळ कोण होतं?"

"तुझी वहिनी. नळीतनं दूध सोडायला बसली होती."

"बरं," मी म्हणाले.

"अकराला नेणार. तुला व्हिडिओवर दाखवू का?"

"नको."

"बरं," दादा म्हणाला. फोन चालू होता. त्याच्या मागे कुणीतरी बाई मोठ्यानं रडत होती, ती कोण ते मला ओळखू आलं नाही. शेवटी तो म्हणाला, "जेवून घे काहीतरी," आणि त्यानं फोन ठेवला.

उरलेल्या मुलांना त्यांच्या आयांच्या हाती दिलं. रंगाच्या बाटल्या धुतल्या. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या. हेलनला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिनं मला मिठी मारली आणि घरी जा म्हणाली. मी म्हटलं, घरी काय करू. आणि पुढच्या तासाची सफरचंदं कापायला घेतली.

मी रडले नाही. रडू दाबलं असंही नाही, ते आलंच नाही. रक्षाविसर्जन झालं, उत्तरकार्य झालं. दादानं फोटो पाठवले, मी बघितले. तीन महिने मी सकाळी उठायचे, कामावर जायचे, पेज शिजवल्यासारखा पातळ भात शिजवायचे आणि खायचे. कर्जाच्या खात्यात काही फरक पडला नव्हता. मी देशातच राहत होते, अशी नोंद कायम होती.

त्यानंतर मी जवळजवळ दरवर्षी कुरुंदवाडला गेले, तीन-तीन आठवड्यांसाठी. दादा स्टेशनवर घ्यायला यायचा. आईचा विषय निघाला तर तिच्या चांगल्या दिवसांचा निघायचा. तिनं केलेली लोणची, तिचं सगळ्यांना टोपणनावं ठेवणं. शेवटच्या पाच महिन्यांबद्दल घरात कुणी बोलत नसे. मला ते बरं वाटायचं.

दोन हजार बावीसमध्ये कर्ज फिटलं. खातं बंद झाल्याचं पत्र आलं. ते वाचून मी बराच वेळ टेबलाशी बसून राहिले. आता कुणी मला दिवस विचारणार नव्हतं. त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की दादाला सांगायला हवं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात पुतणीच्या लग्नाला गेले. लग्न पार पडलं, पाहुणे पांगले. एका दुपारी मी दादाच्या दुकानात जाऊन बसले. गिऱ्हाईक नव्हतं. दादा साठीला आला होता. चष्मा कपाळावर चढवून एका जुन्या मोटारीचं बेअरिंग पुसत होता.

"दादा, तुला एक सांगायचंय," मी म्हणाले. "आईच्या वेळचं."

"बोल की."

"मला थांबता आलं असतं."

त्याचा हात चालूच होता.

"जवळचं माणूस आजारी असलं तर अर्ज करता येत होता," मी म्हणाले. "डॉक्टरांचा कागद जोडायचा. मंजूर झाला तर बाहेरचे दिवस धरत नाहीत. वहिनीनं विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. पोलिसांचंही खोटं. पोलीस कर्ज बुडवणाऱ्यासाठी असतात, माझ्यासाठी नव्हते. नोकरीवरनंही मला कुणी बोलवत नव्हतं. हेलननं हवी तितकी रजा दिली होती."

इतकं सांगितलं. बाकीचं त्याला सांगितलं नाही.

बाकीचं असं होतं. तो अर्ज मी मे महिन्यातच भरून ठेवला होता. आवटी डॉक्टरांकडून कागदही घेतला होता. आईला दुसरा झटका आला, त्याच आठवड्यात. आता ती जाईपर्यंत इथंच राहायचं, असं तेव्हा माझं पक्कं होतं. मग जूनमधला तो शनिवार आला. भर दुपारची वेळ, घर सामसूम. मी नळीतून दूध सोडत होते आणि आईला ठसका लागला. तिच्या घशात घरघर सुरू झाली, चेहरा काळानिळा पडायला लागला. यंत्र माझ्या हाताशी होतं. बटण दाबायचं, नळी आत सरकवायची, मी हे दिवसातून दहा वेळा करत होते. आणि मी उभी राहिले. रिकामी सिरिंज हातात धरून नुसती उभी राहिले. तिचे डोळे माझ्याकडे होते. मनात वाईट काही आलं नाही, चांगलंही आलं नाही. मी बघत होते. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. वहिनी धावत आली, तिनं आईला कुशीवर वळवलं, मला हाक मारली, आणि त्या हाकेनं माझा हात यंत्राकडे गेला. आई वाचली. वहिनी तेव्हाही काही म्हणाली नाही, नंतरही नाही. तिनं फक्त मला पाणी दिलं.

त्या संध्याकाळी मी अर्ज फाडला. आवटी डॉक्टरांचा कागदही त्याच्याबरोबर गेला. मग कॅलेंडर काढून दिवस मोजायला बसले.

दादानं बेअरिंग कागदावर ठेवलं. हात फडक्याला पुसले.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"अर्जाचं."

"वहिनी बोलली?"

"ती कशाला बोलंल? तिला काय माहीत?" त्यानं चष्मा काढला. "आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं, की तुला उत्तरकार्याला यायचं असंल, पण दिवसांचा घोळ होईल म्हणून तू बोलत नसशील. तुझ्या खोलीत त्या कर्जवाल्यांचं एक जुनं पत्र राहिलं होतं, त्याच्यावर ई-मेलचा पत्ता होता. कॉलेजातल्या कोथळे सरांकडं गेलो. त्यांच्याकडनं इंग्रजीत लिहून घेतलं आणि कॉम्प्युटरवरनं पाठवलं. आमची आई वारली, बहीण आठ दिवसांसाठी आली तर तिचं काही नुकसान होईल का, असं विचारलं."

"मग?"

"पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तोवर कार्य होऊन गेलं होतं. तुझ्याबद्दल काही सांगता येत नाही म्हणाले, पण सगळ्यांसाठी असा नियम आहे म्हणाले. घरातलं कुणी आजारी असंल तर अर्ज करता येतो. अर्जाचा कागदसुद्धा जोडला होता. कोथळे सरांनी सगळं मराठीत वाचून दाखवलं." दादा थांबला. "खाली दोन ओळी दुःख झालं म्हणून लिहिल्या होत्या. चांगली माणसं असावीत."

बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"नऊ वर्षं झाली," मी म्हणाले. "मला विचारलं का नाहीस?"

"काय विचारायचं?"

"का गेलीस म्हणून."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"माहीत नाही."

"सांगितलं असतंस तर परत इथं आली नसतीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. नवऱ्याचं घर सोडलंस, तेव्हा त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाहीस." तो शांतपणे बोलत होता, चिडला नव्हता. "पहिल्यांदा राग आला होता. आला नव्हता असं नाही. दोन-तीन महिने तुझा फोन आला की तुझ्या वहिनीकडं द्यायचो. मग म्हटलं, पाच महिने हिनं केलं. शेवटचे पाच दिवस नाही केलं. त्या पाच दिवसांचा हिशोब मी मांडून बसलो, तर आई तर गेलीच आहे, बहीणही घालवायची काय?"

मला त्याला जूनमधल्या त्या दुपारचं सांगायचं होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि मला वाटलं, की तो थांबलाय, सांगितलं तर ऐकून घेईल, नाही सांगितलं तरी चालेल.

"पत्र कुठं आहे ते?" मी विचारलं.

"फाडलं त्याच दिवशी. पोरांच्या हाताला लागलं असतं."

इतक्यात दुकानासमोर मोटरसायकल थांबली. शिरोळकडचा एक शेतकरी होता, मोटार जळली म्हणून आला होता. दादानं चष्मा लावला आणि उठला. माझ्या खुर्चीजवळून पुढे जाताना तो थांबला आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी चिडवताना टपली मारायचा, तसा नाही. घरात कुणी गेलं की लोक येतात, आत येऊन काही न बोलता डोक्यावर हात ठेवून उभे राहतात, तसा. त्या जुलैत घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावर असे हात ठेवले गेले असतील. मी तिथं नव्हते.

तो हात थोडा वेळ तसाच राहिला. त्याला ग्रीसचा वास येत होता. मग दादा पुढे गेला आणि शेतकऱ्याला विचारू लागला, "किती वर्षं झाली मोटारीला? गॅरंटीत आहे काय?"

मी खुर्चीत बसून होते. माझ्या हनुवटीवरून पाणी खाली पडत होतं. ते मी पुसलं नाही.